कपाटातले रिव्हॉल्व्हर चालते का, हे पाहणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला शस्त्रपरवान्यांवरचा लेख वाचला. अर्ज कसा करायचा, पोलीस चौकशी कशी होते, नूतनीकरण कधी करायचे, सगळे नीट दिले आहे. पण परवाना हातात आल्यावर माणूस जे शस्त्र घरी आणतो ते कसे असते, यावर एक ओळही नाही. मी राज्य राखीव पोलीस दलात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्तीनंतर नऊ वर्षे एका परवानाधारक शस्त्रदुकानात दुरुस्तीच्या बाकावर बसलो. ही राहिलेली बाजू माझ्यासारख्याने लिहायला हवी, म्हणून हे पत्र.

आमच्या दुकानात तालुक्याच्या गावचे एक सराफ आले होते. पेढीवर दरोड्याचा प्रयत्न झाल्यावर त्यांनी परवाना काढला आणि खिशाला परवडेल असे .३२ बोरचे (नळीचा आतला व्यास इंचाच्या साधारण बत्तीस शतांश) नवे रिव्हॉल्व्हर घेतले. चार वर्षे ते तिजोरीत कापडात गुंडाळलेले. एकही बार काढलेला नाही. नूतनीकरणाआधी जरा तेलपाणी करून द्या, म्हणाले. मी म्हटले, शेठ, आधी रेंजवर चला.

सहा काडतुसे भरली. पहिला बार निघाला. दुसऱ्या वेळी नुसता टक् आवाज. तिसरा निघाला, चौथ्याला पुन्हा टक्. पाचव्या बाराला बाजूला उभ्या असलेल्या दुकानातल्या पोराने हात झटकला. मनगटाला शिशाची कपची लागून रक्त आले होते. सहावा मी काढूच दिला नाही. शेठ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले ते पैशांबद्दल नव्हते. 'घरी हे सांगू की नको?' एवढेच विचारले.

कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. एका नगावरून सगळ्या मालाला दोष देणे आर्मररला शोभत नाही. पण दोष काय होता ते सांगतो, कारण असे नग माझ्या बाकावर पुन्हा पुन्हा आले.

न उडालेल्या दोन्ही काडतुसांच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसताच पेट घेणाऱ्या बुडाच्या भागावर, सुईची खूण होती, पण उथळ. चाप ओढल्यावर ठोका मारणाऱ्या घोड्यामागची मुख्य स्प्रिंग मऊ होती, म्हणून ठोका हलका पडत होता. घोडा न चढवता थेट चाप ओढला की रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो. दुकानात हाताळताना गिऱ्हाइकाला हलका चाप आवडतो. आतले भाग घासूनपुसून चाप हलका करायला कारागिराचे तास लागतात. स्प्रिंग मऊ ठेवली की काम फुकटात होते. शिशाची कपची उडाली त्याचे कारण वेगळे. चाप ओढला की आतला पंजा सिलिंडर फिरवतो आणि खिट्टी त्याला जागेवर पकडते. घोडा पडण्याच्या क्षणी काडतुसाचे घर नळीच्या अगदी समोर यायला हवे. ते केसभर जरी मागेपुढे राहिले तरी गोळी नळीच्या तोंडाशी खरवडली जाते आणि ते शिसे सिलिंडर व नळीमधल्या फटीतून बाजूला उडते. ही फट प्रत्येक रिव्हॉल्व्हरला असतेच, साधारण दोन दशांश मिलिमीटरच्या आत. घरांचा मेळ आणि ही फट जुळवणे हे हाताचे काम आहे. स्वस्त मालात पहिली कात्री लागते ती याच कामाला, आणि ते बाहेरून दिसत नाही. निळसर पॉलिश मात्र झकास असते.

'रिव्हॉल्व्हर कधी दगा देत नाही' असे लोक म्हणतात. यातले अर्धे खरे आहे. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलासारखे पुंगळी अडकण्याचे भय नाही. पण पंजा झिजला, सिलिंडर पुढेमागे खेळू लागला किंवा घट्ट झाला, तर रिव्हॉल्व्हर जागच्या जागी थांबते आणि मग बाकावर उघडल्याशिवाय सुटत नाही. पिस्तूल अडकले तर शिकलेला माणूस तिथल्या तिथे सोडवू शकतो.

स्वस्त म्हणजे वाईटच, असे माझे म्हणणे नाही. शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या आयव्हर जॉन्सन कंपनीची रिव्हॉल्व्हरे गरिबाला परवडणारी होती. त्यांनी घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पट्टी बसवली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती पट्टी वर येत नाही, आणि ती वर आल्याशिवाय घोड्याचा ठोका सुईपर्यंत पोचत नाही. घोड्यावर हातोडा मारा, बार उडणार नाही, अशी जाहिरातच ते करत. त्याच काळात काही महागड्या, नावाजलेल्या रिव्हॉल्व्हरची सुई थेट काडतुसावर टेकलेली असे आणि जाणते लोक घोड्याखालचे एक घर रिकामे ठेवत. अमेरिकेच्याच रुगर कंपनीने ही पट्टी आपल्या सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने चढवावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरना १९७३ मध्ये लावली आणि त्याआधी विकलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरनाही ती फुकट बसवून द्यायची तयारी ठेवली. विकलेल्या मालाची जबाबदारी म्हणजे काय, ते मला यात दिसते.

उलट बाजूही अमेरिकेतच दिसते. तिथे १९६८ च्या कायद्याने हलक्या प्रतीच्या परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात रोखली. आयातीसाठी कसोटी ठरली: रिव्हॉल्व्हरच्याच वजनाइतके वजन ३६ इंचांवरून घोड्याच्या मागच्या टोकावर पाच वेळा पाडायचे, सुरक्षा खटका टिकला पाहिजे. उत्तम कसोटी. पण ती आयात मालाला. देशात बनलेल्याला नाही. जर्मनीच्या र्‍योम कंपनीने मग सुटे भाग आणून मायामीत जुळणी सुरू केली. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर जो गोळीबार झाला तो याच जातीच्या .२२ च्या स्वस्त रिव्हॉल्व्हरने, आणि त्याचे सहाच्या सहा बार निघाले. म्हणजे हलक्या प्रतीचे शस्त्र प्रत्येक वेळी फसेलच असेही नाही. ते कधी फसेल हे सांगता येत नाही, आणि विश्वासाच्या वस्तूचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. तिथे आजही खेळण्यातली बंदूक सदोष निघाली तर ग्राहक सुरक्षा आयोग ती बाजारातून परत मागवू शकतो. खरी बंदूक मात्र १९७२ पासून त्याच्या कक्षेबाहेर आहे.

आता आपल्याकडे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आणण्याची वाट जवळजवळ बंद झाली. त्यामुळे आजोबांच्या काळातले विलायती रिव्हॉल्व्हर सोन्याच्या भावाने विकले जाते आणि बाकीच्यांनी देशी माल घ्यायचा. ९ एमएम आणि .३८ सामान्य माणसाला निषिद्ध, म्हणून रिव्हॉल्व्हर म्हटले की बहुधा .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ वर्षानुवर्षे हाच एक मोठा पर्याय होता, जुन्या इंग्रजी वेब्ली धाटणीचे, मधून मोडून उघडणारे. २०१४ मध्ये ५०० ग्रॅमचे 'निर्भीक' आले, तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. इशापूरच्या सरकारी कारखान्याचे .२२ चे 'निडर' २५० ग्रॅमचे, किंमत ३५ हजारांच्या आसपास सांगितली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले, सिलिंडर बाजूला उघडणारे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्ली नावाचे .३२ पुन्हा बनू लागले आहे. पर्याय वाढले याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या बाजारात 'परवडणारे' म्हणजे शेतकऱ्याच्या एका हंगामाचे पैसे, तिथे गिऱ्हाइकाला माहिती काय मिळते? वजन, लांबी, पल्ला. चाप किती जड, कारखान्यात किती बार काढले, किती काडतुसे फसली, हे विचारले तर विक्रेता आपल्याच तोंडाकडे पाहतो.

इथे कोणी म्हणेल, प्रूफचा शिक्का असतो ना. असतो, आणि तो असायलाच हवा. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी आणि सिलिंडर फुटत नाहीत, हे त्यातून कळते. शिक्क्याविना फिरणारा गावठी कट्टा हातात फुटून बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा त्या शिक्क्याचे मोल मला कोणी सांगायला नको. पण प्रूफ धातूची परीक्षा घेते. पुढची चार वर्षे स्प्रिंग जोर धरील का, पन्नासाव्या बाराला घरांचा मेळ राहील का, हे त्यात येत नाही.

आपला परवानाधारक स्वतः तपासतही नाही. काडतूस महाग, मिळते मोजके, रेंज जिल्ह्याच्या ठिकाणी. म्हणून सहा काडतुसे आणायची आणि तीच दहा वर्षे जपायची, अशी रीत पडली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले, ते चांगलेच झाले. पण त्यात माणूस शिकतो. त्याचे स्वतःचे शस्त्र तपासले जात नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. तेव्हा तिसरे जमा करायला निघालेल्या लोकांची कितीतरी रिव्हॉल्व्हरे मी हाताळली. काहींच्या सिलिंडरात वंगण मेणासारखे घट्ट झाले होते, आणि मालक निर्धास्त होते.

माझे मागणे साधे आहे. प्रत्येक नव्या रिव्हॉल्व्हरबरोबर कारखान्याने सहीनिशी एक कागद द्यावा: किती बार काढले, चापाचे वजन, फटीचे माप. दोष निघाला तर दुरुस्ती किती दिवसांत आणि कुठे, हेही त्यावर असावे. सराफांचे रिव्हॉल्व्हर कारखान्यात जाऊन परत यायला सात महिने लागले. परत आले ते व्यवस्थित. स्प्रिंग बदललेली, पंजा नवा. आम्ही पन्नास बार काढून पाहिले, एकही फसला नाही. म्हणजे ते पहिल्या दिवशीही असे देता आले असते.

दुसरी गोष्ट पोलीस खात्याच्या हातातली आहे. निवडणूक लागली की परवान्याची बरीच शस्त्रे ठाण्यात जमा होतात आणि महिना-दीड महिना पडून असतात. एरवी घरोघरच्या कपाटात असलेली ही शस्त्रे तेव्हा एका छताखाली येतात. जिल्हा मुख्यालयात आर्मरर आहेत. फटीचे माप घेणे, प्रत्येक घर नळीशी जुळते का पाहणे, रिकाम्या पुंगळीवर सुईची खूण किती खोल पडते ते बघणे, याला एका रिव्हॉल्व्हरमागे पंधरा मिनिटे पुरतात. हवे तर दोनशे रुपये शुल्क घ्यावे आणि शस्त्र परत देताना पावतीवर शेरा मारावा: चालू, किंवा दुरुस्ती आवश्यक. पुढच्या निवडणुकीला एका जिल्ह्यात करून पाहावे. आमच्या जिल्ह्यात ठरले तर बाकावर बसायला मी विनामोबदला येईन. डोळ्यांना चष्मा लागला आहे, पण हात अजून स्थिर आहे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
सोलापूर