१००% कॉटन म्हणून विकलेला दोरा, आणि बाळाच्या ब्लँकेटमध्ये मधेच बदललेला रंग

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार,

याआधी दोन मेल केले, दोन्हीला "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" एवढं मशीनचं उत्तर आलं आणि त्यानंतर १२ दिवस काहीच नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, लांबेल थोडं, पण वाचा.

मी तुमच्या वेबसाइटवरून मिंट रंगाचे क्रोशाच्या दोऱ्याचे ५ गुंडे मागवले. प्रत्येकी १०० ग्राम, १८५ रुपयाला एक, वर कुरियरचे ६०. लेबलवर आणि साइटवर दोन्हीकडे १००% कॉटन, बेबी सॉफ्ट असं लिहिलंय. कॉटनच पाहिजे होतं कारण माझी लेक नागपूरला असते आणि तिचं बाळ मे महिन्यात यायचंय. नागपूरचा मे काय असतो ते तुम्हाला माहीत असेल नसेल, रात्री कूलर लावल्याशिवाय झोप नाही आणि कूलरचा वारा बाळाला थेट नको म्हणून अंगावर हलकं काहीतरी पाहिजे, पण ते घाम शोषणारं पाहिजे. ॲक्रिलिक घालायचं असतं तर आमच्या सांगलीच्या बाजारात निम्म्या किमतीत मिळालं असतं, ऑनलाइन कशाला मागवलं असतं.

डिझाइन साधंच घेतलं, एकच मोठा ग्रॅनी स्क्वेअर, मधून सुरू करून बाहेर वाढत जाणारा, ४ एमएमच्या सुईवर. तुमच्या ऑफिसात कोणी क्रोशा करतं का माहीत नाही म्हणून सांगते, यात पहिल्या फेरीत १२ खांब (म्हणजे उभे टाके) असतात आणि पुढे प्रत्येक फेरीला १२ वाढतात. ३० फेऱ्या झाल्या की साधारण ३० इंची ब्लँकेट होतं आणि एकूण खांब होतात ५५८०. मी शाळेत नोकरी करते त्यामुळे विणायला रात्री जेवणं आवरल्यावरच बसते. सुरू करायच्या आधी पहिल्या गुंड्यातला छोटा तुकडा विणून, धुऊन, वाळवून बघितला होता. रंग गेला नाही, आटला नाही, मऊही होता. खूश होते मी तेव्हा, जावेला पण तुमची लिंक पाठवली, आता पस्तावतेय.

पहिले दोन गुंडे १९व्या फेरीला संपले, २०व्या फेरीला तिसरा जोडला. हाताला जरा गुळगुळीत लागत होता पण मला वाटलं हाताला लावलेलं क्रीम असेल. चार रात्री विणलं. रविवारी सकाळी गच्चीत उन्हात बसून पसरून बघते तर मधला चौकोन एका रंगाचा आणि त्याच्याभोवती सात फेऱ्यांची पट्टी दुसऱ्याच रंगाची!! मधला हिरवा आणि बाहेरचा निळसर. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, उन्हात आणलं की लांबूनसुद्धा कळतं. आमच्या विहीणबाई स्वतः विणतात, त्यांना तर पिशवीतून काढताक्षणी दिसलं असतं.

लेबलं काढून बघितली. शेड नंबर पाचही गुंड्यांवर एकच, पण डाय लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर, दोनांवर एक आणि तिघांवर दुसरा. इथे माझी चूक मी मान्य करते, विणायच्या आधी लॉट नंबर बघायला पाहिजे होते, आई नेहमी सांगायची की एका कामाची लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्यावी. पण मी एकदमच घेतली होती ना, एकाच ऑर्डरमध्ये, एकाच शेडचे पाच गुंडे. तुमच्या साइटवर लॉट निवडायची सोयच नाहीये, डबा भरणाऱ्या माणसाला जे हाताला लागलं ते त्याने भरलं.

नुसता लॉटचा फरक असता तर मी कदाचित चडफडत गप्प बसले असते. पण तो गुळगुळीतपणा डोक्यातून जाईना म्हणून पहिल्या गुंड्याचा तुकडा आणि तिसऱ्याचा तुकडा मेणबत्तीवर धरून बघितला. पहिला भरभर जळला, कागद जळल्यासारखा वास आला, खाली भुरकट राख राहिली. कापूस कसा जळतो हे रोज देवासाठी वाती वळणाऱ्या बाईला सांगायला नको. तिसरा मात्र आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. चौथा पण तसाच. कापूस कधी वितळतो का? म्हणजे त्यात ॲक्रिलिक किंवा तसलंच काहीतरी आहे, निदान मिक्स तरी आहे, आणि रंग वेगळा दिसण्याचं कारण पण तेच असणार कारण कॉटन आणि ॲक्रिलिकला रंगच वेगवेगळ्या जातीचे लागतात. लेबल मात्र पाचहीवर १००% कॉटन.

आता वजन. पाचवा गुंडा अजून फोडलेला नाही, तो किचनच्या काट्यावर ठेवला तर कागदासकट ८८ ग्राम. काटा बिघडलाय की काय म्हणून १०० ग्रामचं चहाचं पाकीट ठेवून बघितलं, ते १०३ दाखवतंय. तर माझे १२ ग्राम कुठे गेले? चौथ्या गुंड्यात तीन गाठी निघाल्या त्या वेगळ्याच. एखादी गाठ मी समजू शकते, पण बाळाच्या अंगावरच्या कपड्यात गाठ ठेवता येत नाही, दर वेळी दोरा कापून टोकं आत ओवत बसावं लागतं.

मग फोन केला. तुमचा मुलगा बोलायला चांगला होता, त्याच्यावर राग नाही, पण तो म्हणाला, मॅडम, वूल एकदा यूज केलं की रिटर्न होत नाही. अहो पण विणल्याशिवाय हे कळणार कसं? आणि पुढे म्हणाला, हँडमेड वस्तूत थोडं कलर व्हेरिएशन येतंच. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्पच बसले. हँडमेड माझं ब्लँकेट आहे हो, तुमचा दोरा नाही, तो कारखान्यात मशीनवर होतो! माझ्या हाताने टाके घातले म्हणून तुमचा रंग बदलत नाही.

आता २० ते २६ या सात फेऱ्या उसवायच्या म्हणजे १९३२ खांब. ते मी उसवेन, त्याचे पैसे मागत नाही, तो हिशोब तुम्हाला जमणारही नाही. मला पाहिजे ते एवढंच, पहिल्या दोन गुंड्यांवर जो लॉट आहे त्याच लॉटचे, खरोखर कॉटनचे ३ गुंडे २० एप्रिलच्या आत घरी पोचवा. तो लॉट शिल्लक नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि कुरियरसकट सगळे ९८५ रुपये परत करा, मी दुसरीकडून एकाच लॉटचा दोरा आणून पहिल्यापासून विणते, अजून वेळ आहे. शिवाय या शेडवरचं १००% कॉटन हे तपासून घ्या, कारण हा दोरा लोक बाळांसाठीच घेतायत.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तुमच्या साइटवर त्या अधिकाऱ्याचं नाव मला तरी सापडलं नाही. २० तारखेपर्यंत काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावणार आहे आणि वजनाचं वैधमापन खात्याकडे देणार आहे, न फोडलेला गुंडा त्यासाठीच जपून ठेवलाय.

बिल, पाचही लेबलं, उन्हातला फोटो, जळलेल्या तुकड्यांचा फोटो आणि काट्याचा फोटो सोबत जोडलाय. उन्हातलाच बघा, घरातल्या फोटोत काही दिसणार नाही. फोन करणार असाल तर दुपारी दोननंतर करा, सकाळी शाळेत असते.

तुमची एक ग्राहक,
सांगली