बाबा, तो अर्धा तास कशासाठी ते सांगते

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या कॉलेजात एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, मग संशोधन करतं कोण?" मला वर्गाला पळायचं होतं, नीट बोलता आलं नाही.

आम्हीच करतो, बाबा. अमेरिकेतलं हे आमचं अ‍ॅमहर्स्ट कॉलेज १८२१ सालचं, पण मुलं सारी एकोणीसशेच्या आसपास, आणि सगळी पदवीची. मोठ्या विद्यापीठात ज्या यंत्राजवळ मला कुणी फिरकू दिलं नसतं, त्यावर मी इथे रोज बसते. बाई शेजारी उभ्या राहून बघतात, चुकलं तर तिथल्या तिथे सांगतात.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात वर्गात इन्सुलिन शिकवलं. दोन साखळ्या, एक २१ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, दुसरी ३० ची. हे झालं जीवरसायन. पण बाटलीत ते रेणू सुटे नसतात. जस्ताच्या दोन अणूंभोवती सहा-सहा जण घट्ट बिलगून बसतात. कातडीखाली गेल्यावर ते पातळ होतात, एकेक सुटतो, आणि सुटा झाला की मगच रक्तात लवकर शिरतो. त्याला वेळ लागतो. तुम्ही सकाळी सुई टोचून, पानावर बसून, आईवर चिडत जो अर्धा तास काढता ना, तो हाच. हा वेळ मोजायचा तर भौतिकशास्त्र लागतं. दोन्ही विषय एकत्र का घेतले, याचं माझं उत्तर त्या दिवशी मलाच मिळालं. वही तशीच ठेवून मी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसले होते. तुमचं ताट दिसत होतं.

सहा जणांची ही रचना १९६९ साली ऑक्सफर्डला शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या चमूनं उलगडली. त्यात आपले एम. विजयनही होते, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तुम्हाला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

आई, कवितेचा वर्ग घेतला म्हणून काळजी करू नकोस. इथे पहिल्या वर्षाचा एक वर्ग आणि आपला मुख्य विषय सोडला तर कशाची सक्ती नसते. हॅरल्ड व्हार्मस इथूनच १९६१ साली इंग्रजी साहित्य घेऊन बाहेर पडले आणि १९८९ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक चूक सांगते. घाईत मी माझ्या प्रथिनाची नळी जोरजोरात हलवली. फेस आला. सकाळी बघते तर तळाशी पांढरे धागे, तीन आठवड्यांचं काम गेलं. फेसात, उष्णतेत प्रथिनाची घडी मोडते आणि एकदा गोळा झालं की परत पहिल्यासारखं होत नाही. मी रडले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुमचं इन्सुलिनही प्रथिनच, म्हणून सांगते, मे महिन्यात लाइट गेली की बाटली टीव्हीवर ठेवू नका. पाण्याचा माठ असतो ना, त्याच्याजवळ गार जागी ठेवा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नको. जोरात हलवू नका. सकाळची ती साधी बाटली पाण्यासारखी नितळच दिसायला हवी, गढूळ वाटली तर टोचू नका, डॉक्टरांना विचारून नवी आणा. आई, चष्मा लावून तूच बघ, बाबा बघणार नाहीत.

तुमची लेक