बाळंतपणाला तू इकडे येऊ नकोस, मी तिकडे येते

ता. खानापूर, जि. बेळगाव
२० मे

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

बाळंतपण कुठे करावे, असे काल फोनवर तू विचारलेस तेव्हा तुझे बाबा शेजारीच बसले होते, त्यामुळे मला मोकळेपणाने उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र. जावईबापूंची बदली पुण्याहून बेळगावला झाली आहे, १७ जूनला सामानाचा ट्रक निघणार आहे आणि त्याच दिवशी तुला बत्तीस आठवडे पूर्ण होतात. पुण्यात पहिल्या महिन्यापासून तुला तपासणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. निपाणीहून विहीणबाई कोल्हापूरचा आग्रह धरतात. आणि पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, असे गृहीत धरून बाबांनी माळ्यावरचा पाळणा काढून, धुऊन ओसरीत उन्हाला ठेवला आहे. माझे मत मी आधीच सांगून टाकते. बाळंतपण बेळगाव शहरात, तुमच्या नव्या घरापासून जवळ असलेल्या मोठ्या रुग्णालयात व्हावे, आणि तू माझ्याकडे येण्याऐवजी मी तुझ्याकडे येऊन राहावे.

हे लिहिताना माझ्या जिवावर येते आहे. लेकीला आपल्या हाताने शेकशेगडी करावी, तिच्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालावे, असे कोणत्या आईला वाटत नाही? पण तुझी तारीख १२ ऑगस्ट आहे. त्या दिवसांत आपल्या भागातला पाऊस तू लहानपणापासून पाहिला आहेस. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आठ-आठ दिवस उघडीप नसते, ओढ्याचे पाणी साकवावरून जाते, चोर्ल्याच्या रस्त्यावर झाड पडले की तासन्‌तास वाहने अडकतात. १०८ ला फोन लावला तरी गाडी वाडीपर्यंत पोहोचायला हवी ना?

तुझ्या जन्माची गोष्ट मी तुला नेहमी अर्धीच सांगितली. तू जुलै १९९६ मध्ये झालीस, रात्री दोन वाजता, तालुक्याच्या गावातल्या एका लहान दवाखान्यात. मी तेव्हा उपकेंद्रावर सिस्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते, तरीही रीतीप्रमाणे माहेरीच गेले. तू सुखरूप झालीस, पण तासभर झाला तरी वार पडेना आणि रक्त थांबेना. रक्ताची सोय आहे, असे आम्हाला आधी सांगितले होते. प्रत्यक्षात हातात बेळगावची चिठ्ठी देण्यात आली. जीपच्या मागच्या बाजूला गोणपाटे अंथरून मला निजवले. तुला तुझ्या मामाने धोतराच्या घडीत गुंडाळून छातीशी धरले होते, आणि सव्वीस किलोमीटरच्या त्या सगळ्या वाटेत तुझी आजी माझे ओटीपोट दाबून चोळत होती. ते तिला एका म्हाताऱ्या सुईणीने शिकवले होते. अंगाखालची गोणपाटे आधी पावसाने ओली होती. नंतर ती ऊबदार लागायला लागली आणि मला ते बरे वाटले, हे मला अजून आठवते. त्यातून मी वाचले, पण माझा रक्तगट ओ निगेटिव्ह असल्यामुळे बेळगावातही बाटली मिळायला पहाट झाली. तुझाही गट तोच आहे, ताई. माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी हे आहे.

बाळ झाल्यानंतरचा रक्तस्राव ही अशी गोष्ट आहे की, नऊ महिने सगळे रिपोर्ट चांगले आलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, आणि तिच्या हातात फार थोडा वेळ असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत १,६२० बायकांवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. बाळंत होताच गर्भाशय आवळून रक्त थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या बायकांमध्ये अशा रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के निघाले; ज्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या दिल्या, त्यांच्यात ते १२ टक्के होते. आम्हा सिस्टरांना त्याचा फार अभिमान वाटला. पण गोळी घेऊनही जिचे रक्त थांबत नाही, तिला शस्त्रक्रियागृह आणि रक्तच लागते, आणि ते वाडीवर नाही.

आता पुण्याविषयी. तिथल्या डॉक्टरबाईंना निघण्यापूर्वी स्पष्ट विचार की, वार खाली आहे का, रक्तदाब चढतो आहे का, बाळाची वाढ नीट आहे का. यातले काही असेल आणि त्या ‘हलू नका’ म्हणाल्या, तर हे पत्र बाजूला ठेव. जावईबापू एकटे पुढे येतील, ट्रक नंतर निघेल आणि मी पुण्याला येईन. तसे काही नसेल, तर केवळ ओळखीच्या डॉक्टर आहेत म्हणून रिकाम्या घरात एकटीने राहू नकोस. कळा रात्रीअपरात्रीही सुरू होतात आणि त्या वेळी घरात दुसरे माणूस लागते.

विहीणबाईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे आणि त्यांच्या घरातली सगळी बाळंतपणे तिकडेच झाली. पण जन्मदाखला महाराष्ट्राचा मिळेल, म्हणून कोल्हापूर निवडावे, हे मला पटत नाही. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या आपल्या ८६५ गावांत असा विचार का होतो, ते मला कळते. मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी आपण आयुष्य घालवले आहे. तरीही तुमचे बिऱ्हाड बेळगावात असताना कळा सुरू झाल्यावर शंभराहून अधिक किलोमीटर जायचे, हा हिशेब बाळाच्या जिवाशी जुळत नाही. नोंद जन्म होतो तिथेच होते, एकवीस दिवसांच्या आत करायची असते, आणि बाळाचे नाव नंतरही घालता येते. दाखला कन्नडमध्ये आला म्हणून आपले बाळ परके होत नाही.

बेळगावात नेहरूनगरातले केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय आहे आणि बिम्सचे सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. दोन्हींना वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. सरकारीत बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि रक्त यांना पैसे पडत नाहीत, हेही लक्षात असू दे. टिळकवाडीतले एखादे खासगी प्रसूतिगृह आवडले तरी माझी हरकत नाही, पण तिथे तोंडावर विचार की, रात्री तीन वाजता भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, ओ निगेटिव्ह रक्त कुठून आणि किती वेळात आणता, बाळाला श्वासाचा त्रास झाला तर कुठे पाठवता. ‘सगळी सोय आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिथून उठून ये. हे विचारायला ट्रकची वाट पाहू नका. जावईबापू घर बघायला येणारच आहेत. त्याच फेरीत त्यांनी तुझी फाईल दाखवावी, आणि घराचे भाडे ठरवण्यापूर्वी दवाखाना ठरवावा.

या आठवड्यातच करायचे एक काम आहे. आज तुला अठ्ठावीस आठवडे झाले. जावईबापूंचा गट पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बाळाचाही तसा असू शकतो आणि तुझ्या शरीरात त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. तेव्हा ती झाली आहेत का, हे पाहणारी कूम्ब्स चाचणी करून, ती निगेटिव्ह आली की पुढे ती होऊ नयेत म्हणून अ‍ॅन्टी-डीचे इंजेक्शन पुण्यातच घे, आणि तारीख फाईलवर लिहून घे. घर बदलण्याच्या गडबडीत नेमके हेच राहते. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत पुन्हा घ्यावे लागेल. सोनोग्राफी, साखरेची तपासणी, लशींच्या तारखा आणि महाराष्ट्रातले माता-बाल कार्ड हे सगळे ट्रकमध्ये न देता तुझ्या खांद्याच्या पिशवीत ठेव. इथे आल्यावर आशाताईंकडून कर्नाटकातले तसेच तायी कार्ड काढून घेऊ. कन्नडात तायी म्हणजे आई.

प्रवास शक्यतो रेल्वेने, दिवसा कर. गाडीनेच यावे लागले तर दर दीड तासाने उतरून चार पावले चाल आणि पट्टा पोटाच्या खालून घे. सामान उचलायला वाकायचे नाही, हे मी जावईबापूंना वेगळे सांगेन.

मी १५ जुलैला येते. डिंक आणि अळीव घेऊन ठेवले आहेत, लाडू तिथे आल्यावर वळेन. पाळणा बाबा स्वतः टेम्पोतून आणणार आहेत. हे पत्र मी त्यांना आज रात्री वाचून दाखवणार आहे.

तुझी,
आई