मागच्या सीटवर बेल्ट नको?

मा. संपादक महोदय,

कालच्या अंकातला गाड्यांच्या सुरक्षेवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितो आहे. एअरबॅग किती, कुठे कुठे, सगळं तपशीलवार दिलंत. सीट बेल्टला मात्र एक ओळ, तीही चालकापुरती. मागच्या सीटचं तर नावच नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीला अपघात झाला तेव्हा त्याने बेल्ट लावलेला होता, एअरबॅगही वेळेवर उघडली. खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा तिरका, काळानिळा वळ उमटला होता, शर्टभर बॅगेची पांढरी भुकटी. चेहऱ्यावर साधा ओरखडा नव्हता. तरीही त्याच्या खांद्यामागचं हाड मोडलं, कारण मागे बसलेल्या आमच्या मावशीने बेल्ट लावला नव्हता आणि ती मागून त्याच्या सीटवर आदळली. तिचे स्वतःचे गुडघे कायमचे गेले. भेटायला येणारा जो तो विचारायचा, "एअरबॅग उघडली ना, मग इतकं लागलं कसं?" हा प्रश्न ऐकून आमचे कान किटले होते. तुमच्या लेखाने तोच गैरसमज पक्का केला.

ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला धरून ठेवतो तो बेल्ट. छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर भार वाटून देतो. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत फुगते आणि लगेच बसायलाही लागते. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे सरकलेला असतो, त्यामुळे फुगणारी बॅग थेट त्याच्या तोंडावर बसते. तिचाच मार जिवावर बेतू शकतो. तीन ठिकाणी धरणारा हा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. इतक्या वर्षांनंतरही तो लावा म्हणून सांगावं लागतं, याचा संताप येतो.

आणि लेखासोबतचा तो फोटो! पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ. समोरची बॅग उघडली तर त्या बाळाचा जीव जाऊ शकतो. लहान मुलांची जागा मागे, त्यांच्या मापाच्या सीटमध्ये. फोटो निवडणाऱ्याला हे ठाऊक नसेलही, पण तो पाहून कितीतरी आईबापांना वाटणार की असं बसलेलं चालतं.

कृपया या फोटोबद्दल खुलासा छापा, आणि तो लेख आला त्याच पानावर छापा. मागच्या सीटच्या बेल्टवरही एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक