डॉक्टर मॅडम, वजन उतरायच्या आधीच हे पत्र लिहितेय

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

असं पत्र लोक ऑपरेशन झाल्यावर लिहितात, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून. माझं वजन कमी करायचं, जठराचं ऑपरेशन अजून व्हायचंय, पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय आणि काट्यावर आज सकाळी १०९ किलो होतं. पण मला आभार मानायचेत ते या मधल्या आठ महिन्यांचे, पुढे काय होईल ते होवो, म्हणून आत्ताच लिहायला बसले. तुमचं नाव लिहीत नाही, वाचलंत की तुम्हाला कळेलच.

तुमच्याकडे यायच्या आधी मी जिथे जायचे तिथे वजनकाटा बाहेर वेटिंगमध्येच ठेवलेला असायचा, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि कंपाउंडर आतल्या डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून आकडा मोठ्यानं ओरडायचा. एकशे बारा! मी शाळेत शिकवते मॅडम, त्या दिवशी समोरच्या बाकड्यावर माझ्याच वर्गातल्या एका मुलाची आई बसली होती. आत गेल्यावर दोन मिनिटं, "तोंडावर ताबा ठेवा, भात बंद करा", संपलं. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही, शुगरच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहिले. हे किती चुकीचं होतं ते आता कळतं, पण तेव्हा तो आकडा पुन्हा ऐकायची ताकदच नव्हती.

तुमच्याकडे आले तेही गुडघा दुखतो म्हणून. तुमच्या केबिनमधली पेशंटची खुर्ची बिनहातांची आहे हे मी बसायच्या आधीच बघून घेतलं, आमच्यासारख्यांना ती सवयच असते. सिस्टरनी बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली आणि तो फर्रकन सुटला, दोनदा. मी सॉरी म्हणाले. तुम्ही लिहिता लिहिता वर बघितलंत, स्वतः उठलात, कपाटातून मोठा पट्टा काढलात आणि बांधलात. आधी कसंबसं १५८/१०० आलं होतं, मोठ्या पट्ट्यावर १३८/८६. "पट्टा दंडाला लहान पडला की बीपी जास्तच दाखवतो, सॉरी आम्ही म्हणायला पाहिजे," एवढं बोललात आणि पुन्हा लिहायला लागलात. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मी एसटीत बसून साताऱ्यापर्यंत तेच आठवत होते.

मग तुम्ही झोपेचं विचारलंत, घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी वर्गात डोळा लागतो का, लागत होता हो, फळ्याकडे तोंड करून उभी असतानासुद्धा. वजन सगळ्यात शेवटी, तेही "बघू का आता?" असं विचारून, दार लावून. झोपेची तपासणी केली तर तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास अडकत होता. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते, आणि घरचेही.

ऑपरेशनचा विषय मी काढला, तुम्ही नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय कारण आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की डॉक्टरनीच गळ्यात मारलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, जवळपास ४५, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.२, दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन. तुम्ही माझ्याच रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननी जठर काढून दाखवलंत. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, उरतं ते केळ्यासारखं, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं म्हणून भूकही कमी होते. दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून आतडं तिला जोडतात. मला ॲसिडिटीचा त्रास आधीपासून, स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपी करा आणि मग सर्जनशी बोला म्हणालात. वजन कमी करायला आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनचंही सांगितलंत, खर्चासकट, आणि ती थांबवली की वजन बहुतेकांचं परत येतं हेही. ऑपरेशननंतरसुद्धा काहींचं वजन पुन्हा वाढतं, बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, तीन-चार महिन्यांनी केस गळतात. काही लपवलं नाहीत. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

तुम्ही समुपदेशनाला पाठवलंत तेव्हा मात्र मला राग आला होता, आज कबूल करते. मला वाटलं आता मला वेडीत काढताहेत. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं की बाबा गेल्यापासून रात्री अकराला मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाते, भूक नसताना, दिवा न लावता. ते आधी बोलून झालं हे फार बरं झालं, कारण जठर लहान केलं म्हणून ते रात्रीचे अकरा काही टळणार नव्हते.

आणि मार्च महिना. ठरलेलं सगळं मी मोडलं. मावशी म्हणाली चांगलं धडधाकट पोट कापून घेतेस, कुणी म्हणालं मनावर घेतलंस तर फिरूनही उतरेल, मी घाबरले आणि तुम्हाला फोन करून सांगितलं की नको. मला वाटलं आता तुम्ही चिडणार, एवढा वेळ घालवला म्हणून. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. शुगर दाखवायला मात्र यायचं, त्याचा आणि ऑपरेशनचा काही संबंध नाही." मी गेले. एप्रिलमध्ये गेले, मेमध्ये गेले, तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत, शुगर बघितलीत, पायांचे तळवे तपासलेत, रात्री श्वास अडकू नये म्हणून दिलेलं झोपेचं मशीन नीट लागतं का विचारलंत. जूनमध्ये मीच पुन्हा विचारलं. तेव्हाचा होकार माझा स्वतःचा होता. मार्चमध्ये तुम्ही जरा जरी जोर केला असता तर मी आज कुठे असते माहीत नाही, पण तुमच्याकडे नक्कीच नसते.

आईला घेऊन या हे तुम्हीच सुचवलंत. तिनं सरळ विचारलं, पोरगी टेबलावर गेली तर? तुम्ही तिला आजी-बिजी न म्हणता नीट उत्तर दिलंत, की चांगल्या ठिकाणी हजारात एक ते तीन जणांच्या बाबतीत असं होऊ शकतं, टाके गळणं आणि पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके आहेत, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवसापासून हिला चालवायचं काम तुमचं. तिला काम मिळालं मॅडम, तेव्हापासून ती बदलली. डाळीच्या वरच्या पाण्यात ताकद असते हे तिचं आयुष्यभराचं मत, तुम्ही सांगितलंत की प्रोटीन खाली डाळीत राहतं, दिवसाला निदान ६० ग्रॅम तरी लागणार, तर आता ती मूग, पनीर, अंड्याचा हिशोब कॅलेंडरच्या मागे लिहिते. संकष्टीचा उपवास वर्षभर नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं होतं, तर तुम्ही म्हणालात तो तुम्ही धरा तिच्या वाटचा. ती हसली.

विम्याचंही राहिलंच सांगायचं. नियमात बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय आधी बाकीचे उपाय करून झालेत हे दाखवावं लागतं. तुम्ही माझ्या बारा वर्षांच्या डाएटची, जिमची, आयुर्वेदिक काढ्यांची सगळी यादी विचारून विचारून दीड पानाचं पत्र लिहिलंत. ते वाचताना मला रडू आलं, कारण त्यात लिहिलं होतं की पेशंटनी सातत्यानं प्रयत्न केले आहेत. सही-शिक्क्यासकट. हे वाक्य माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

पुढच्या सोमवारपासून, ऑपरेशनला जागा मिळावी म्हणून, लिव्हर लहान करायचं दोन आठवड्यांचं पातळ खाणं सुरू होतंय. गुरुवारी दुपारच्या गाडीनं फाईल घेऊन येते, आईपण येणारे, तिचे प्रश्न तिनं वेगळ्या कागदावर लिहिलेत आणि मला दाखवत नाहीये, तेवढा वेळ हातात ठेवा.

तुमची,
साताऱ्याची पेशंट, मोठ्या पट्ट्यावाली