मैदानावरच्या मामांना, एका खिळ्याबद्दल

मामा,

सप्रेम नमस्कार.

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या बक्षीस समारंभात आभारप्रदर्शन झालं. मंडपवाल्याचे आभार झाले, साउंडवाल्याचे झाले, पाहुण्यांसाठी सोफा दिला त्यांचेसुद्धा झाले. तुमचं नाव यादीत नव्हतं. तेव्हा तुम्ही बोर्डाच्या खांबांना गुंडाळलेल्या जुन्या गाद्यांचे दोर सोडत होतात, पाऊस यायच्या आत त्या आत न्यायच्या म्हणून. माइकवरून राहिलेलं इथे लिहितो आहोत.

गणपती उठले की आपला सीझन सुरू होतो. आधी कॉलेजांचे सामने, मग विभाग, मग विद्यापीठाचं निवड शिबिर, मग पश्चिम विभाग, तिथून जमलं तर अखिल भारतीय. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव आहेच. कागदावर हा चढता जिना आहे. पण पहिली पायरी असते पावसात भिजून हिरवी झालेल्या सिमेंटच्या कोर्टाची. शेवाळ वरून वाळलेलं दिसतं आणि ले-अपच्या, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याच्या, शेवटच्या पावलाला दगा देतं. ते पाऊल पूर्ण वेगात, एका पायावर आणि नजर रिंगकडे असताना पडतं. घोटे आणि गुडघे जातात ते तिथेच.

मागे यावर जिमखान्याकडून उपाय आला होता, वाळू पसरा. कोरड्या सिमेंटवर वाळूचा कण बुटाखाली छर्ऱ्यासारखा गडगडतो, हे ज्यांनी कधी कोर्टावर पाय ठेवला नाही त्यांना कुठून कळणार? तुम्ही वाळू झाडून काढलीत. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीकडच्या सावलीच्या पट्ट्यावर ओतली, अर्धा तास ठेवली, तारेच्या ब्रशने घासली आणि दोनदा धुतली. दुसरं धुणं महत्त्वाचं. पावडर राहिली तर वाळल्यावर तिची भुकटी बुटाखाली येते आणि डोळ्यांत जाते. खोलगट जागचं पाणी आधी वायपरने, मग गोणपाटाने, शेवटी स्पंजने. खराट्याने पाणी फक्त पसरतं, हे तुमचंच वाक्य.

मग रेघा. थ्री-पॉइंटची रेघ, म्हणजे जिच्याबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, ती 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली 2010 साली. आपल्या कोर्टावर त्यानंतरही कित्येक वर्षं जुनीच रेघ होती, आणि रिंगखाली तो जुना तिरका पट्टाही. मुली इथे अर्धा मीटर जवळून सराव करायच्या आणि बाहेरगावी त्यांचे थ्री रिंगला न लागताच खाली यायचे. त्यावर निष्कर्ष निघायचा, "आपल्या मुलींच्या मनगटात ताकद नाही."

तुम्ही रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडलात. चूक नेहमी इथेच होते. लोक खांबापासून मोजतात, नाहीतर बोर्डापासून. मोजायचं असतं रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून, आणि तो बिंदू एंडलाइनच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवा. तसा आला नाही, तर आधी बोर्ड सरकवायचा, रेघ नंतर. कमान मारायला सुतळी घेतली की ती ताणली जाते, म्हणून तुम्ही स्टीलचा टेप धरलात. 6.75 हे रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. 5 सेंटिमीटरच्या रेघेत आतली कड धरली तर तेवढाच फरक पडतो. कोपऱ्यात कमान सरळ होते, साइडलाइनपासून 90 सेंटिमीटरवर, म्हणून कोपऱ्यातला थ्री 6.60 चाच असतो. हे तुम्ही मुलींना सांगितलंत आणि त्यानंतर दोघीतिघींनी कोपरा पकडला तो पकडलाच. जुनी रेघ राखाडी रंगाने बुजवलीत. नव्या ऑइलपेंटमध्ये बारीक चाळलेली वाळू मिसळलीत, कारण नुसता ऑइलपेंट ओला झाला की साबण होतो. वाळू चालते ती इथे.

मोठमोठ्यांचंही चुकतं बरं का. अमेरिकेतल्या कॉलेज मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत, 2024 च्या मार्चमध्ये, पोर्टलंडच्या मोडा सेंटरमध्ये एका बाजूची थ्री-पॉइंट रेघ सुमारे 9 इंच चुकलेली निघाली. लक्षात आलं ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि टेक्सास यांच्या सामन्याच्या तोंडावर. तोवर त्या कोर्टावर चार सामने होऊन गेले होते. दोन्ही प्रशिक्षक म्हणाले, आहे तसं खेळू. तिथे तयार कोर्ट येतं, पैसा येतो, कॅमेरे येतात. टेप घेऊन गुडघ्यावर बसणारा माणूस मात्र उशिरा आला.

रिंगची उंचीही तुम्हीच पकडलीत. कोर्टावर नवा थर चढवला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि 3.05 मीटरची रिंग त्या थराइतकी खाली आली हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. फ्री थ्रोची सवय अंगात बसते ती उंचीसकट. कमी उंचीवर बसलेली सवय बाहेर गेल्यावर रिंगच्या पुढच्या कडेवर आपटते. बोर्डाची चौकट वर घेऊन तुम्ही ती पुन्हा मापात आणलीत. चेंडूंचंही तसंच. मुलींचा चेंडू 6 नंबरचा, मुलांचा 7 चा. परिघात साधारण एक इंचाचा आणि वजनात दोनेक औंसांचा फरक. पोत्यात सगळे एकत्र असायचे आणि मुलींच्या हाती मुलांचे झिजलेले यायचे. तुम्ही 6 नंबरच्यांवर पांढरा ठिपका काढून त्यांना वेगळा कप्पा दिलात. आता ठिपक्याचा चेंडू मुलांच्या हातात दिसला तर मुलीच ओरडतात.

पण हे पत्र यातल्या कशासाठीही नाही. हे सगळं कामात मोडतं असं तुम्हीच म्हणाल. पत्र आहे खिळ्यासाठी.

स्कोअररच्या टेबलामागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, तुम्ही एक खिळा ठोकलात आणि मैदानाशेजारच्या मुलींच्या शौचालयाची किल्ली त्यावर अडकवलीत. बस. यादीत घालण्याजोगं हे काम नाही, त्याचं बिल होत नाही, फोटो तर नाहीच नाही.

वाचणाऱ्यांसाठी जरा सविस्तर सांगतो. आठ संघ आले म्हणजे बारा-बारा खेळाडू धरून शंभराच्या आसपास मुली. शौचालय एक, आणि तेही कुलूपबंद, कारण "घाण होतं". किल्ली ऑफिसात. ऑफिस मुख्य इमारतीत, चालत चार मिनिटं. तिथे "सर जेवायला गेलेत". नाहीतर "कशाला हवी?" हे सगळ्यांसमोर, मोठ्याने. नियमात मध्यंतर 15 मिनिटांचं, आणि सामने लांबले की स्थानिक स्पर्धेत ते 10 वर येतं. एरवी दोन क्वार्टरच्या मधे 2 मिनिटं, टाइमआउट 1 मिनिटाचा. हिशेब कुणीही करावा. मुलींनी तो कधीच करून टाकलेला असतो. सकाळपासून पाणी प्यायचं नाही.

पाणी न पिता चाळीस मिनिटांचा खेळ काय होतो? वजनाच्या 2 टक्के पाणी घटलं की खेळ उतरायला लागतो, आणि 55 किलोच्या मुलीसाठी ते होतं जेमतेम 1.1 लिटर. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात, सिमेंटवर, एका दिवशी दोन सामने असतील तर ते सहज जातं. आधी पाय जातात. पाय गेले की शॉटला उंची मिळत नाही, चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर लागायला लागतो. मग बचावात एक पाऊल उशीर होतो आणि हात पुढे जातो, म्हणजे फाउल. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो. शेवटच्या पाच मिनिटांत पोटरीत गोळा येऊन कुणीतरी खाली बसते, बर्फ शोधला जातो, आणि बेंचमागून आवाज येतो, "मुलींना स्टॅमिनाच नाही." स्कोअरशीटवर हे सगळं चौथ्या क्वार्टरमध्ये दिसतं. त्याचं कारण असतं सकाळी आठ वाजता न प्यायलेल्या पाण्यात. त्यात पाळीचे दिवस असतील तर काय, ते इथे लिहायची गरज नाही. कळणाऱ्यांना कळतं, आणि ज्यांना इतकी वर्षं कळलं नाही त्यांनी उद्घाटनाला स्त्रीशक्तीवर भाषणं केली आहेत.

तुम्ही भाषण केलं नाहीत. आपल्याला यातलं कळत नाही म्हणून सफाईच्या मावशींना विचारलंत, आत काय काय लागतं. मावशींनी सांगितलं ते आणलंत: आतून लागणारी कडी, बल्ब, झाकणाचा डबा, जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले चौकोन, साबण, आणि नळाला धार नसते म्हणून भरलेलं पिंप. मग खिळा. किल्ली तुमच्या खिशात ठेवली असतीत तरी लोकांनी तुम्हाला चांगलंच म्हटलं असतं. पण खिशातली किल्ली मागावी लागते. खिळ्यावरची नुसती घ्यायची आणि परत अडकवायची. कुणाकडे बघायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आणि तुमचं बसायचं स्टूल, जे वर्षानुवर्षं त्या दारासमोरच्या सावलीत असायचं, ते तुम्ही उचलून पलीकडच्या खांबाशी, उन्हात नेऊन ठेवलंत. याबद्दल तुम्ही कुणाशी बोलला नाहीत. पहिल्यांदा लक्षात आलं ते टेबलवर शॉट क्लॉक, म्हणजे शॉटची वेळ मोजणारं घड्याळ, सांभाळणाऱ्या मुलीच्या, आणि तिचा 24 सेकंदांचा बझर त्या वेळी उशिरा वाजला म्हणे.

यंदा पाण्याचे जार दुपारच्या आत संपायला लागले. आयोजकांनी विचारलं, इतकं पाणी कोण पितंय?

"जागा नाही", "सोय नाही" ही उत्तरं काही आपल्याकडेच मिळतात असं नाही. 2021 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या त्याच कॉलेज स्पर्धेसाठी सॅन अँटोनिओत मुलींना व्यायामाला डंबेल्सचा एक छोटा स्टँड आणि योगाच्या चटया दिल्या होत्या. मुलांना इंडियानापोलिसमध्ये आख्खी जिम. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फिटनेस प्रशिक्षक अ‍ॅली कर्शनर यांनी दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी टाकले. आयोजक म्हणाले, जागा कमी आहे. मग ओरेगॉनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने मोबाइल फिरवून तो रिकामा हॉल दाखवला. दोन-तीन दिवसांत तिथे जिम उभी राहिली. म्हणजे जागा होती. इथेही किल्ली होतीच की.

आणि गंमत बघा, मुलींचा कॉलेज बास्केटबॉल जिथे सुरू झाला त्या अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात, मार्च 1893 मधल्या पहिल्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. तिथल्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन बाईंनी तेव्हा दार कुणासाठी बंद ठेवायचं ते नीट ठरवलं होतं. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडे कुलूप होतं ते खेळणाऱ्यांसाठीच.

चांगुलपणा म्हटला की आपल्याला देणगी आठवते, नाहीतर शाल आणि नारळ. देणाऱ्याचं नाव असलेली पाटी आठवते. पण समोरच्याला मागायला लावायचं नाही, हे फार थोड्यांना सुचतं. एसटीत आजीला उठून जागा देताना "मला पुढच्या स्टॉपलाच उतरायचंय" असं खोटं सांगणारी माणसं असतात, त्यांतले तुम्ही. अशा माणसांना धन्यवाद म्हटलं की ती कावरीबावरी होतात. म्हणून तर समोर न बोलता लिहिलं. वाचून दाखवायला मावशींनाच सांगणार आहोत, म्हणजे तुम्हाला उठून जाता येणार नाही.

जाता जाता दोन गोष्टी. किल्लीची सुतळी पावसात कुजली होती, तिच्या जागी बुटाची नाडी बांधली आहे, केशरी, लांबून दिसेल अशी. आणि डाव्या रिंगच्या बारा हुकांपैकी एक वाकलाय, त्यामुळे जाळी एका बाजूने लोंबते आणि कडेने गेलेला चेंडू आतून गेला की बाहेरून, हे टेबलवरून कळत नाही. रविवारच्या सामन्यांआधी तेवढा बघता का?

तुमच्या,
महिला संघातल्या मुली आणि टेबलवरची मंडळी