दशमांश ही गुंतवणूक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या, उपासनांचे दिवस येतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथोलिक समाजाचा आगेरा हा कापणीचा सणही पहिल्या रविवारी असतो, भाताच्या नव्या लोंब्या वेदीपुढे नेल्या जातात. नेमक्या याच दिवसांत बायबलमधल्या मलाखी या पुस्तकातले ३:१० हे वचन (दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भांडारात आणा, मी आकाशाची दारे उघडून आशीर्वाद ओतीन) हाती घेऊन काही प्रचारक सांगतात की दहा टक्के द्या, देव शंभरपट परत करील. ही शिकवण चुकीची आहे आणि ती गरिबाच्या खिशाला सर्वांत आधी हात घालते.

मलाखीतली आकाशाची दारे पावसाची आहेत. पुढच्याच वचनात पीक खाणारी कीड आणि द्राक्षवेल येते. अभिवचन एकट्या माणसाला नाही, अख्ख्या राष्ट्राला आहे. भांडार म्हणजे मंदिराचे कोठार, ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही त्या लेव्यांचे, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचे, पोट त्यावर चाले. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातल्या १४:२८-२९ प्रमाणे तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. आणि मलाखीच्या त्याच अध्यायातले पाचवे वचन? मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध परमेश्वर स्वतः साक्षीला उभा राहील, असे तिथे लिहिले आहे. घरकामाच्या ताई आजारी पडल्या म्हणून चार खाडे कापायचे आणि तेच पैसे रविवारी पाकिटात घालायचे, हे अर्पण होत नाही. अनुवाद २४:१५ मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगते.

पैसा हेच सर्व वाइटाचे मूळ, असे बायबलच्या नावावर खपवले जाते. १ तीमथ्य ६:१० मध्ये शब्द आहे पैशाचा लोभ. त्यामुळे हा लोभ हजार रुपये मिळवणाऱ्यालाही जडतो.

द्यायचे कसे, याबद्दल येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात केलेली सूचना अगदी व्यवहारी आहे (१ करिंथ १६:२): आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीच्या मानाने, आधीच बाजूला काढा. महिन्याअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हटले की काही उरत नाही, कारण हातात असेल तितका खर्च वाढतो. म्हणून पगार जमा होईल त्याच दिवशी रक्कम वेगळी करावी. हातात ३०,००० येत असतील तर दशमांश ३,००० होतो. तेवढे झेपत नसेल तर ९०० ने सुरुवात करावी. पौलाने करिंथच्या मंडळीला टक्केवारी ठरवून दिलेली नाही, मनात ठरवाल तेवढे आनंदाने द्या म्हटले आहे. कर्ज काढून मात्र कधीही देऊ नये. जवळ नाही त्याच्या मानाने नव्हे, आहे त्याच्या मानाने दान मान्य होते (२ करिंथ ८:१२). आईवडिलांची औषधे थांबवून चर्चला देणाऱ्यांनी मार्क ७:९-१३ वाचावे. आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे फार कडक शब्दांत सुनावले आहे.

घेणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला निधी पौलाने एकट्याने नेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). आजही अर्पण उपासना संपताच तिथेच, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी मोजावे, नोटांचा तपशील वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि सोमवारी रक्कम बँकेत भरावी. थैली एकाच्या घरी गेली की प्रामाणिक माणसावरही संशय येतो. नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना वार्षिक हिशेबतपासणी कायद्यानेच करावी लागते. तो ताळेबंद सूचनाफलकावर लावावा आणि त्यात विधवा, अनाथ व आजारी यांच्यावर किती खर्च झाला, याची वेगळी ओळ असावी. यंदाच्या उपकारस्तुतीपासून मुंबईतल्या प्रत्येक मंडळीने ती ओळ छापावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, भायखळा, मुंबई